बुलेट पुंगळीत चिकटू नये म्हणून: हँडलोडिंग शिकणाऱ्यांसाठी

हाताने भरलेलं काडतूस तयार झालं की आपण त्याची लांबी मोजतो, रेंजवर ग्रूप, म्हणजे टार्गेटवरच्या गोळ्यांचा पुंजका, पाहतो, क्रोनोग्राफवर वेग नोंदवतो आणि उरलेला लॉट निश्चिंत मनाने डब्यात ठेवून देतो. डब्यात काही बदलणार नाही असं आपण धरून चालतो, पण तसं होत नाही. पितळेची पुंगळी आणि बुलेटचं तांब्याचं जॅकेट महिनोन्‌महिने एकमेकांवर दाबून बसलेली असतात. दोन्ही पृष्ठभाग अगदी लख्ख असले आणि त्यात थोडा ओलावा मिळाला, तर पुंगळीच्या मानेत, म्हणजे नेकमध्ये, बुलेट हळूहळू धरून बसते. मग ती हलवायला मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो. हा जोर एका काडतुसात एक, दुसऱ्यात दुसरा असतो. खरी अडचण हीच आहे, कारण सगळ्याच सारख्या घट्ट असत्या तर निदान एकसारख्या तरी उडाल्या असत्या.

हा लेख नव्याने रीलोडिंग करू लागलेल्यांसाठी आहे. तुमच्या देशात त्याला कायद्याने परवानगी आहे आणि लागणारा परवाना तुमच्याकडे आहे, हे गृहीत धरलं आहे. पावडर किती भरायची हे इथे कुठेही सापडणार नाही. ते प्रमाण पावडर बनवणाऱ्यांच्या छापील तक्त्यातूनच घ्यायचं असतं.

आत नेमकं काय होतं

काडतुसाच्या पितळेत साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं. बहुतेक बुलेटच्या जॅकेटचा गिल्डिंग मेटल हा मिश्रधातू साधारण 95 टक्के तांबं आणि 5 टक्के जस्ताचा असतो. रायफलच्या काडतुसात नेकचा आतला व्यास बुलेटच्या व्यासापेक्षा किंचित कमी ठेवतात. फरक बहुधा 0.05 मिलिमीटरच्या आसपास, वर्कशॉपच्या भाषेत दोन थाऊ (इंचाचे दोन हजारांश), असतो. या फरकामुळे नेक थोडी ताणली जाते आणि बुलेटला पकडून ठेवते. ही पकड आपल्याला हवीच असते.

दोन वेगळे मिश्रधातू असे घट्ट टेकलेले असताना मध्ये ओलाव्याचा अंश गेला आणि धुण्यातलं आम्ल किंवा क्षार उरलेले असले, की तिथे गंज सुरू होतो. हा गंज पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यांत भरतो आणि दोन्ही बाजूंना धरून ठेवतो. रीलोडर याला सरसकट कोल्ड वेल्डिंग म्हणतात.

परिणाम आधी क्रोनोग्राफवर दिसतो. ज्या लॉटचे वेग नवे असताना जवळजवळ होते, त्यांच्यातलं अंतर वाढतं. जवळच्या टार्गेटवर हे फारसं कळत नाही. लांब पल्ल्यावर मात्र कमी वेगाची गोळी खाली आणि जास्त वेगाची वर लागते, त्यामुळे ग्रूप उभा पसरतो. नेमबाज वाऱ्याला, स्वतःच्या श्वासाला, स्कोपला दोष देत बसतो. लोड आधीच कमाल मर्यादेजवळ असेल तर गोष्ट अचूकतेपुरती राहत नाही. बुलेट सुटायला उशीर झाला की दाब वाढतो. रायफलचा बोल्ट जड उचलला जाणं आणि प्रायमर (पुंगळीच्या बुडातली पेटवणारी टोपी) चपटा होणं ही त्याची ओळखीची लक्षणं आहेत, आणि ती दिसली की त्या दिवशी तो लॉट झाडणं थांबवायचं.

या धोक्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण 1921 सालचं आहे. त्या काळच्या क्युप्रोनिकेल (तांबं आणि निकेलचा मिश्रधातू) जॅकेटचा धातू नळीत साचून राहायचा. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेतल्या फ्रँकफर्ड आर्सेनलने त्या वर्षीच्या कॅम्प पेरी इथल्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेसाठी .30-06 काडतुसांच्या बुलेटना कथलाची कल्हई केली. नळी स्वच्छ राहू लागली, पण त्या कल्हईने नेकला आतून धरलं. त्यातच बुलेटला ग्रीस लावण्याची तेव्हाच्या नेमबाजांना सवय होती. चिकटलेली बुलेट आणि चेंबरमध्ये, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या जागेत, लागलेलं ग्रीस एकत्र आल्यावर दाब धोकादायक पातळीला गेला आणि रायफली निकामी झाल्या. पुढे कल्हई सोडून गिल्डिंग मेटलचं जॅकेट आलं. तेच आज आपण वापरतो. यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी मिळतात. नेकमध्ये कोणते दोन पृष्ठभाग भेटतात हे पाहिलं पाहिजे, आणि वंगण चुकीच्या जागी लागलं तर ते उपाय राहत नाही, नवा धोका होतं.

पायरी 1: पुंगळी किती घासायची

माझ्या मते चिकटण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. स्टेनलेस स्टीलच्या बारीक पिना, पाणी, साबण आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल घालून ओलं टम्बलिंग केलं, म्हणजे पुंगळ्या फिरत्या पिंपात घोळवल्या, की पुंगळ्या आतून-बाहेरून नव्यासारख्या निघतात. नव्या माणसाला तो चकचकाट फार आवडतो. पण त्याबरोबर नेकच्या आतला काजळीचा पातळ थरही निघून जातो, आणि तोच तर बुलेट आणि पितळ यांच्यामधला पडदा होता. अल्ट्रासॉनिक यंत्रानेही हेच होतं.

कोरडं टम्बलिंग, म्हणजे मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा भुगा वापरून केलेलं, इतकं कडक साफ करत नाही. पुंगळी स्वच्छ होते, नेकच्या आत थोडी काजळी राहते, पॉलिशचा हलका लेपही राहतो. काडतुसं भरून वर्षभर ठेवायची असतील तर मी कोरडीच पद्धत सुचवेन. आतून काळसर दिसणारी नेक अस्वच्छ नसते. मऊ नायलॉनचा ब्रश दोन-तीनदा आतबाहेर फिरवला की सुटी काजळी जाते आणि चिकटून बसलेला थर जागच्या जागी राहतो.

ओली पद्धतच वापरायची असेल तर शेवटचं खळबळणं नीट, साध्या पाण्याने, एकापेक्षा जास्त वेळा करा. आम्लाचा अंश उरला तर आधी सांगितलेला गंज तिथूनच सुरू होतो. मग पुंगळ्या पूर्ण वाळू द्या. प्रायमर पॉकेटमध्ये पाणी लपून बसतं, म्हणून प्रायमर आधी काढलेले असावेत. ओव्हन वापरायचा असेल तर तो स्वयंपाकाचा नसावा आणि तापमान 100 अंश सेल्सिअसच्या खाली असावं. अमोनिया असलेलं ब्रास पॉलिश मात्र कधीच वापरू नका. अमोनिया ताणाखालच्या पितळेला भेगा पाडतो. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेल्या काडतुसांना अशा भेगा पडत. त्याचं कारण घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया होता, हे पुढे सिद्ध झालं. बुलेट बसवलेली नेक सतत ताणाखालीच असते, त्यामुळे ती पहिली फुटते.

पायरी 2: नेकचं तोंड

पुंगळी कापून लांबीला आणली की तोंडाच्या आतल्या कडेवर धार राहते. बुलेट बसवताना ही धार जॅकेट खरवडते, आणि जिथे खरवडलं तिथे ताजं, उघडं तांबं ताज्या पितळेला भिडतं. म्हणून आतून हलका चॅम्फर, म्हणजे कडेला तिरपा उतार, द्या. हत्यार एक-दोनदा हलक्या हाताने फिरवणं पुरतं. कडा सुरीसारखी पातळ होईपर्यंत फिरवू नका. हे बरोबर झालं की नाही हे पाहायला एक बुलेट बसवून पुन्हा ओढून काढा आणि भिंगाखाली धरा. जॅकेटवर उभे, चमकदार ओरखडे दिसले तर चॅम्फर अजून खरखरीत आहे.

नेक नरम करण्यासाठी अ‍ॅनीलिंग करत असाल तर तेही चांगलंच, कारण पकड सगळ्या पुंगळ्यांत सारखी राहते. पण अ‍ॅनीलिंगनंतर पुन्हा ओलं टम्बलिंग केलं तर नेक परत उघडी पडते. तेव्हा पुढची पायरी चुकवू नका.

पायरी 3: मध्ये पातळ पडदा

दोन धातूंच्या मध्ये काहीतरी निष्क्रिय आणि कोरडं राहू द्यायचं, एवढाच या पायरीचा हेतू. त्यासाठी चार गोष्टी चालतात: नेकमध्ये मुद्दाम राखलेली काजळी, ग्रॅफाइटची भुकटी, मॉलिब्डेनम डायसल्फाइड, किंवा हेक्सागोनल बोरॉन नायट्राइड. शेवटच्या दोन्हींचा लेप असलेल्या बुलेटही मिळतात. सैन्यासाठीच्या काडतुसांत नेकच्या आत डांबरासारखा काळा लेप देतात. तो मुळात पाणी आत जाऊ नये म्हणून असला तरी दोन धातूंना वेगळंही ठेवतो.

सुरुवातीला ग्रॅफाइट सोपं पडतं. एका छोट्या बरणीत सिरॅमिकचे बारीक मणी आणि चमचाभर ग्रॅफाइट घ्या. प्रायमर बसवून झाल्यावर, पण पावडर भरायच्या आधी, पुंगळीचं तोंड त्या मण्यांत दोनदा खुपसून काढा. नेकच्या आत करडी झाक आली की पुरे. गुठळी दिसली तर पुंगळी उलटी करून टकटक करा. मग नेकची बाहेरची बाजू कोरड्या कापडाने पुसा. हे पुसणं नव्या माणसाला फालतू वाटतं, पण झाडताना पुंगळीने चेंबरच्या भिंतीला धरायचं असतं. बाहेर वंगण असेल तर ती मागे सरकते आणि बोल्टवर जास्त भार येतो. 1921 मधलं ग्रीस अशाच चुकीच्या जागी होतं.

पातळ तेल, स्प्रे, किंवा साइझिंगचं मेण नेकमध्ये ठेवू नका. तेल झिरपून पावडर आणि प्रायमर दोन्ही नासवतं.

पायरी 4: बसवताना हाताला काय कळतं

बुलेट दाबून बसवणाऱ्या प्रेसचं हँडल हेच तुमचं पहिलं मोजमापाचं साधन. चांगल्या लॉटमध्ये बुलेट आत जाताना सुरुवातीला थोडा विरोध जाणवतो, मग तो सारखा राहतो. एखादी खडखडत, थांबत-थांबत गेली किंवा किंचाळल्यासारखा आवाज आला, तर ती बाजूला काढा. ती नेक बहुधा पार उघडी आहे. आर्बर प्रेसवर जोर दाखवणारा काटा बसवून हेच आकड्यात पाहता येतं, पण नव्या माणसाने आधी हाताचा अंदाज घडवावा असं मला वाटतं. पकड गरजेपेक्षा घट्ट ठेवण्याचाही काही फायदा नाही. जितका दाब जास्त, तितकी चिकटायला जागा जास्त.

स्पर्धेसाठी भरणारे बरेच जण आणखी एक युक्ती करतात. घरी भरताना बुलेट ठरलेल्या खोलीपेक्षा साधारण 0.4 ते 0.5 मिलिमीटर बाहेर ठेवतात, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी सीटिंग डायने (प्रेसमधला बुलेट बसवण्याचा साचा) ती ठरलेल्या लांबीपर्यंत आत दाबतात. मधल्या काळात काही चिकटलं असेल तर ते तिथेच सुटतं आणि सगळ्या बुलेट पुन्हा सारख्या जोराने धरलेल्या राहतात. युक्ती चांगली आहे, पण तिच्या अटी आहेत. शेवटची लांबी तुम्ही आधी तपासलेलीच असावी, तिच्याहून आत जाऊ नये. पिस्तुलाच्या लहान पुंगळीत थोडी खोली वाढली तरी दाब झपाट्याने चढतो, म्हणून ही पद्धत रायफलपुरतीच ठेवा. क्रिम्प केलेल्या (पुंगळीचं तोंड बुलेटवर आवळलेल्या) किंवा पावडर दाबून भरलेल्या काडतुसाला ती लागू नाही. आणि लांब ठेवलेली काडतुसं चुकूनही चेंबरमध्ये जाऊ नयेत. बुलेट नळीतल्या आट्यांत रुतून बसली तर दाब वाढतो, आणि न झाडता काढायला गेलात तर ती तिथेच राहते व पावडर अ‍ॅक्शनमध्ये सांडते. अशा डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा: 'लांब, अजून बसवायची आहेत'.

पायरी 5: साठवण

ओलावा आणि तापमानाचे चढउतार, या दोघांनाच आवरायचं आहे. रबरी गॅस्केटचा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलची पुडी, आणि अशी खोली जिथे दिवसरात्रीच्या तापमानात फार फरक पडत नाही. आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली राहिली तर चांगलं. थंड जागेतून आणलेला डबा लगेच उघडू नका. आतला धातू खोलीइतका उबदार होऊ द्या, नाहीतर उघडल्याबरोबर काडतुसांवर दव धरतं.

सिलिका जेल भरलेल्या काडतुसांच्या डब्यात ठेवा, पावडरच्या बाटलीत नको. पावडर भोवतालच्या हवेशी ओलावा देतघेत असते, आणि फार कोरडी पडली तर तिचा जळण्याचा वेग बदलतो.

चामड्याच्या पट्ट्यात किंवा खिशांत काडतुसं साठवू नका. कमावलेल्या चामड्यातली आम्लं आणि ओलावा मिळून पितळेवर हिरवा कळंक चढवतात. शिकारीच्या दिवसापुरतं ठीक, घरी आल्यावर डब्यात.

प्रत्येक डब्यावर चिठ्ठी हवी: भरल्याची तारीख, पावडर आणि तिचा लॉट, बुलेट, पुंगळी कितव्यांदा भरली, कशी धुतली, नेकमध्ये काय लावलं, आणि पुंगळीच्या बुडापासून बुलेटच्या ओजाइव्हपर्यंतची, म्हणजे तिच्या निमुळत्या भागापर्यंतची, लांबी. धुण्याची पद्धत आणि नेकमधला लेप या दोन नोंदी बहुतेक लोक करत नाहीत, आणि लॉट बिघडल्यावर नेमक्या त्याच लागतात.

आधीच भरून ठेवलेला लॉट असेल तर

आधी डोळ्यांनी पाहा. नेकच्या तोंडाशी, जिथे बुलेट बाहेर येते, तिथे हिरवट रेघ दिसली तर संशय पक्का. पण रेघ नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण चिकटणं आतल्या भागातही होतं.

मग लॉटमधून कुठलीही पाच काडतुसं उचला. डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवा. सीटिंग डाय अशी बसवा की बुलेट फक्त 0.2 ते 0.3 मिलिमीटर आत जाईल, आणि हँडल अगदी सावकाश खाली आणा. मोकळी बुलेट निमूट सरकते. चिकटलेलीचं तसं होत नाही. हँडल अडतं, जोर वाढवला तरी क्षणभर काहीच होत नाही, आणि मग स्पष्ट 'टक्' असा आवाज येऊन ती एकदम सुटते. हा आवाज एकदा ऐकला की पुन्हा चुकत नाही. जोर नेहमीपेक्षा फार जास्त लागत असेल तर थांबा, अंगचा भार टाकू नका. तपासलेली ही पाचही काडतुसं आता झाडायची नाहीत, ती उलगडायची. त्यांची लांबी तुमच्या तपासलेल्या लोडची राहिलेली नाही.

पाचांपैकी एकातही 'टक्' झालं तर मी सगळा लॉट संशयित धरतो. अनुभवी नेमबाज काही वेळा सगळ्या बुलेट किंचित आत ढकलून लॉट वापरतात. त्यांना आपल्या लोडचा दाब कुठे आहे हे नेमकं ठाऊक असतं. नव्या माणसाने तो लॉट उलगडावा.

उलगडण्यासाठी हातोड्यासारखा कायनेटिक पुलर किंवा प्रेसवर बसणारा कॉलेट पुलर वापरतात. चिकटलेल्या बुलेटला आधी किंचित आत ढकलून 'टक्' करवून घेतलं, की मग दोन्हींपैकी कशानेही ती सहज निघते. कायनेटिक पुलरमध्ये त्याच्याबरोबर मिळालेला कॉलेटच लावा, प्रेसचा शेलहोल्डर (पुंगळीचा काठ धरणारा तुकडा) नको, कारण तसं करताना प्रायमर पेटण्याचा धोका असतो. रिमफायर काडतूस या हातोड्यात कधीही घालू नका. त्याचा पेटणारा मसाला काठात असतो आणि पुलर नेमका काठच धरतो. आसपास ज्योत, सिगारेट, ठिणगी नको.

बाहेर आलेली बुलेट उजेडात फिरवून पाहा. चिकटलेली असेल तर नेक जिथे बसली होती तिथे काळपट पट्टा दिसतो, आणि त्यात बारीक पिवळे ठिपके असतात, जे नखाने खरवडून निघत नाहीत. ते ठिपके पुंगळीच्या पितळेचे कण आहेत. अशी बुलेट स्पर्धेला वापरू नका. पुंगळीचीही नेक आतून तपासा. भेग असेल तर पुंगळी चेपून टाका, म्हणजे ती पुन्हा चुकून भरली जाणार नाही.

पावडरचा वास घ्या, पण दुरून, हाताने वारा घालून. आंबट, झोंबणारा वास किंवा तांबूस धूर म्हणजे पावडर कुजते आहे. तिच्यातून निघणारी आम्लं बुलेटचा तळही खातात. त्या लॉटचं एकही काडतूस झाडू नका, आणि पावडर बनवणाऱ्यांच्या सूचनेप्रमाणे ती नष्ट करा. वास चांगला असला तरी उलगडून निघालेली पावडर मूळ बाटलीत परत ओतू नका.

काही काडतुसं एवढ्यानेही दाद देत नाहीत. त्यांना व्हाइसमध्ये पकडून पक्कडीने पिळणं, गरम करणं, भोक पाडणं यातलं काहीही करायचं नाही. ती वेगळ्या डब्यात ठेवा, डब्यावर लाल खूण करा आणि परवानाधारक आर्मररच्या हवाली करा.